‘शास्त्रज्ञ म्हणतात’ म्हणजे नक्की कोण म्हणतं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, “तुझ्या क्षेत्राबद्दल पंधरा मिनिटं बोल.” माझं क्षेत्र सॉफ्टवेअरचं. त्यावर बोलायला मला आवडलं असतं, पण निम्मी मंडळी पाचव्या मिनिटाला जेवणाच्या मांडवाकडे बघायला लागली असती. म्हणून मी दुसरा विषय निवडला, आणि तो आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपनेच मला दिला. तिथे रोज सकाळी सुविचाराच्या पाठोपाठ एक तरी निरोप येतो, “शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे की...” कधी हळदीबद्दल, कधी मोबाइलच्या टॉवरबद्दल, कधी बीटी बियाण्याबद्दल. दोन गट पडतात, दुपारपर्यंत भांडण चालतं, आणि दोन्ही बाजू शास्त्रज्ञांचीच शपथ घेतात. मग मला प्रश्न पडतो, की हे शास्त्रज्ञ नक्की कोण? देशाच्या वतीने “विज्ञान असं सांगतं” म्हणायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो नीट वापरला जातो का?

आपल्या देशात ज्या संस्थांकडे हे काम येतं, त्यांना विज्ञान अकादमी म्हणतात. मुख्य अकादमी तीन. मेघनाद साहांनी १९३० मध्ये अलाहाबादला सुरू केलेली एक, सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळूरला सुरू केलेली दुसरी. तिसरी १९३५ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली, पुढे दिल्लीला गेली आणि १९७० पासून ‘भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी’ या नावाने ओळखली जाते. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर या अकादमीचे अध्यक्ष होते. २०२० मध्ये डॉ. चंद्रिमा साहा अध्यक्ष झाल्या, या पदावरच्या त्या पहिल्या महिला. म्हणजे ८५ वर्षं लागली, हेही नोंदवून ठेवते.

अकादमी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, कॉलेजही नव्हे. आधीचे सदस्य नव्या सदस्यांना त्यांचं संशोधन पाहून निवडतात, अशी ती निवडक शास्त्रज्ञांची सभा असते. तिच्याकडे सत्ता नाही आणि पैसाही बेताचा. राष्ट्रीय अकादमीचा बहुतेक खर्च केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानातून चालतो. तिची खरी पुंजी एकच, ती म्हणजे लोकांचा विश्वास. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आधी या अकादमी संशोधनाला हातभार कसा लावतात ते सांगते. त्या शोधनियतकालिकं काढतात, तरुण शास्त्रज्ञांना पदकं देतात, परदेशी संस्थांशी देवाणघेवाण ठेवतात. पण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. तिन्ही अकादमी मिळून ती चालवतात. कॉलेजचा विद्यार्थी किंवा शिक्षक उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो, आणि त्यासाठी विद्यावेतन व प्रवासखर्च मिळतो. दुसरी म्हणजे बंगळूरच्या अकादमीचं ‘रेझोनन्स’ हे मासिक. ते १९९६ पासून निघतं, खास विज्ञानाचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आपल्या वेळी हे माहीत असतं तर प्रयोगशाळेच्या कपाटाबाहेरही विज्ञान असतं हे आपल्याला थोडं लवकर कळलं असतं. (सर हसताहेत. त्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असायची.)

याच अकादमीचं आणखी एक काम मला फार जवळचं वाटतं. मूळच्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले यांनी तिथे महिला शास्त्रज्ञांचा प्रश्न अनेक वर्षं लावून धरला. त्यांनी आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक अकादमीने २००८ मध्ये काढलं. त्यात सुमारे शंभर भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या कहाण्या आहेत, आणि त्यात कमला सोहोनीही आहेत. १९३३ मध्ये सोहोनींना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारणारे आणि मग अटी घालून देणारे संचालक होते स्वतः रामन. त्याच रामनांनी स्थापन केलेल्या अकादमीने पुढे सोहोनींची कहाणी मानाने छापली. संस्था व्यक्तीपेक्षा मोठी होऊ शकते, ती अशी.

आता दुसरं काम, सरकारला सल्ला देण्याचं. अमेरिकेत हे काम कायद्यानेच ठरवून दिलेलं आहे. तिथे यादवी युद्ध चालू असताना १८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या सहीने राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली. सरकारचं कोणतंही खातं विचारेल तेव्हा तिने तपास करून अहवाल द्यायचा आणि त्याचं मानधन घ्यायचं नाही, खर्च तेवढा मिळेल, अशी अट आहे. आज तिथल्या समितीवर कोण आहे ते आधी जाहीर होतं, त्या लोकांचे हितसंबंध तपासले जातात, आणि अहवाल बाहेरच्या तज्ज्ञांनी वाचल्याशिवाय छापत नाहीत. त्या तज्ज्ञांची नावंही अहवालात असतात.

आपल्याकडे काय झालं, त्याचं उदाहरण आपल्या शेतातून येतं. वांग्याचं.

जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. झाडावर पडणारी शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मरावी म्हणून त्यात एका जिवाणूचं जनुक घातलं होतं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय मान्यता समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मोठा गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपलं नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली आणि देशातल्या सहा अकादमींना मिळून मत द्यायला सांगितलं. विज्ञानाच्या तीन आणि अभियांत्रिकी, कृषी व वैद्यक यांच्या प्रत्येकी एक, अशा या सहा.

विचार करा, केवढी संधी होती ही! देश दोन गटांत विभागलेला होता आणि सरकारने शास्त्रज्ञांच्या सर्वोच्च सभांना विचारलं होतं, “तुम्ही सांगा.” सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल आला. मर्यादित प्रमाणात लागवडीला परवानगी द्यावी असं त्यात म्हटलं होतं. पण कोणत्या अभ्यासाच्या आधारे, ते नव्हतं. संदर्भच दिलेले नव्हते. आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की त्यातला काही मजकूर बीटी पिकांवर स्वतः काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या आधी छापलेल्या लेखातून जसाच्या तसा उचललेला आहे. मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. अकादमींनी डिसेंबरमध्ये संदर्भांसह सुधारित अहवाल दिला. निष्कर्ष मात्र तोच ठेवला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. बीटी वांगं चांगलं की वाईट हा माझा मुद्दा नाही. तो निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. बांगलादेशने २०१३ मध्ये त्याच वांग्याला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी तिथल्या शेतकऱ्यांनी ते लावलं. माझा मुद्दा असा, की बरोबर उत्तरसुद्धा कॉपी करून लिहिलं तर आपले सर शून्य मार्क द्यायचे. आणि त्यांचं बरोबर होतं, कारण पेपर तपासणाऱ्याला उत्तर कसं काढलं तेच बघायचं असतं.

माझ्या कामातलं उदाहरण देते. आमच्याकडे कितीही ज्येष्ठ इंजिनीअरने कोड लिहिला तरी दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पुढे जात नाही. कोणती ओळ कुणी, कधी आणि का बदलली याची नोंद कायम राहते. याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. ज्येष्ठांना त्याचा राग येत नाही, कारण तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं. देशातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञांच्या अहवालाला निदान एवढा नियम लागू असायला हवा की नाही?

तुम्ही म्हणाल, दिल्लीतल्या एका अहवालाचं नांदुऱ्याला काय? आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कपाशी आहे, म्हणून कपाशीकडेच वळते. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, आठवतं? ते शेताच्या कडेने लावायचं होतं. कल्पना अशी, की तिथे साध्या अळ्या जगतील, बीटी पचवू लागलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागेल. फार हुशार उपाय होता. पण का लावायचं हे बांधावर येऊन कुणी सांगितलं? अनेकांनी ते पाकीट बाजूला टाकलं. कमी पिकणारं बियाणं मुद्दाम कोण लावील? त्यातच फरदड ठेवल्यामुळे अळीला वर्षभर खायला मिळत राहिलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. सल्ला होता, बरोबर होता, पण त्यामागचं कारण शेतकऱ्यापर्यंत पोचलं नाही.

दुसरी घटना याहून जवळची. १० जून २०१९ रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बीटी कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. सरकार निर्णय देत नाही, मग आम्हीच घेतो, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांना हे पटलं नाही त्यांचेही मुद्दे होते. पण बघा, तज्ज्ञांच्या शब्दाचं वजन गेलं की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे कृषी केंद्राचा दुकानदार येतो, चोरून विकलेलं बिनबिलाचं पाकीट येतं आणि शेवटी कोर्ट येतं. जनुकीय मोहरीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळा निकाल दिला. मात्र केंद्राने याबाबत राष्ट्रीय धोरण आखावं यावर दोघांचंही एकमत होतं. स्थगितीला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

म्हणून मला असं वाटतं, की अकादमीला अधिक मान द्या असं म्हणण्याआधी आपण तिच्याकडे अधिक मागितलं पाहिजे. समितीवर कोण आहे, त्यांचे कुणाशी संबंध आहेत, आधार कोणते, अहवाल कुणी तपासला, आणि समितीत कुणाचं वेगळं मत होतं का? हे सगळं अहवालातच असावं, आणि त्याचा सारांश मराठीत, हिंदीत, तेलुगूत निघावा. बोंडअळीबद्दलचा सल्ला इंग्रजीत राहिला तर तो अळीलाही कळणार नाही आणि शेतकऱ्यालाही.

आणि आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवते. एक, ग्रुपवर “शास्त्रज्ञ म्हणतात” असा निरोप आला की भांडायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे: कुणी म्हटलं, कशाच्या आधारे, आणि कुणी तपासलं? उत्तर नसेल तर पुढे पाठवायचं नाही. दोन, आपल्यातले जे कॉलेजांत शिकवतात त्यांनी उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी स्वतः अर्ज करावा आणि दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना करायला लावावा. अर्ज भरायला मदत हवी असेल तर माझा नंबर ग्रुपवर आहेच. तीन, आपल्या माजी विद्यार्थी निधीतून शाळेच्या ग्रंथालयात ‘रेझोनन्स’च्या निवडक लेखांचे छापील संच ठेवूया. शाळेतल्या मुलांना ते जड जातील हे खरं, म्हणून आधी शिक्षकांनी वाचावेत आणि आपापल्या शब्दांत मुलांना सांगावेत. त्यासाठीची पहिली वर्गणी मी आजच संयोजकांकडे दिली आहे.

गुरुजनहो, गणिताच्या वहीत उत्तराखाली नुसती रेघ मारलेली तुम्हाला चालत नसे. “रीत दाखव” म्हणायचात. तेव्हा आम्हाला तो छळ वाटायचा. आज देशातल्या मोठ्यात मोठ्या संस्थेलाही तेच सांगायची वेळ आहे, आणि ते सांगायचं धाडस आम्हाला तुमच्यामुळेच आलं आहे.

जेवण तयार आहे असा इशारा मागून आला आहे.