आईची आठवड्याची गोळी

आजचा भाग कोडिंगचा नाही, घरचा आहे.

आमच्या बिलोलीत गुडघा दुखो की बोटं, सगळ्याला एकच शब्द: वात. आईची बोटं सकाळी तास-दीड तास आखडलेली असायची, दोन्ही मनगटं सुजायची, भाकरी थापता यायची नाही. तरी शेजारपाजारचे म्हणायचे, "वयानं होतंय." वय किती, तर 46!

हा झिजेचा वात नव्हता. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, डॉक्टर 'आरए' म्हणतात. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. आणि हे शहरातलं दुखणं नाही बरं का. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनं 1996 मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन 4,000 हून जास्त प्रौढांची पाहणी केली. हजारात साधारण पाच जणांना आरए निघाला. तुमच्या तालुक्याची लोकसंख्या घ्या आणि करा हिशोब.

निदानाआधी कुणीतरी आईला एक पुडी आणून दिली. जडीबुटीची म्हणून. तीन दिवसांत आई अंगण झाडायला लागली, घरात सगळे खूश. मला मात्र इतका फास्ट रिझल्ट बघून शंका आली. अशा पुड्यांत बऱ्याचदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ही जादू जुनी आहे. 1948 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आरएच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिलं, काही दिवसांत ती चालायला लागली. 1950 ला नोबेल मिळालं. मग दुष्परिणाम दिसायला लागले: हाडं ठिसूळ, साखर वाढणं, चेहरा सुजणं. डॉक्टर आजही स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि शक्यतो थोड्या काळासाठी. कुणी पुडी बरेच दिवस घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड अचानक तोडलं की जिवावर बेतू शकतं.

पेनकिलरचंही तसंच. दुखणं कमी होतं, सांधा आतून खराब व्हायचा थांबत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट म्यूट केला, बग तसाच. शिवाय रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्हीला त्रास.

आजार धरून ठेवणारं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं. एकदाच! इथं जरा थांबतो, कारण आजच्या भागात हे एवढं जरी ऐकलं तरी चालेल. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी बनणंच बंद पडतं, माणसं गेलेली आहेत यात. आमच्याकडं बाजाराचा दिवस ठरवलाय. पिशवी निघाली की गोळी निघते. बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ती ठेवतच नाही. सोबत फॉलिक ॲसिड असतं, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. महिन्यानंतर आई म्हणाली, "बाळा, कशाला पैसे घालायलास, काहीच फरक नाही." बरेच जण इथंच सोडतात. तिला म्हणलं, "आई, तूर पेरली की महिन्यात काढतीस का?" हसली, पण गोळी घेतली. दहाव्या आठवड्यात पातेलं दोन्ही हातांनी उतरवलं.

रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्याच. तोंडात फोड, ताप, दम लागणं असं काही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. दारू नको. आणि ऐकणाऱ्या ताईंनो, मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, आधीच डॉक्टरांशी बोला, दुसरी औषधं आहेत.

स्पेशालिस्टला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, ते तालुक्याला भेटत नाहीत. आपल्याकडची बरीच माणसं नांदेडला जातात, काही निजामाबादवरून हैदराबाद गाठतात. जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि ती पुडीसुद्धा पिशवीत टाका. सकाळी सुजलेल्या हातांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण दुपारी डॉक्टरांसमोर सूज उतरलेली असते.

प्रश्न कमेंटमध्ये टाका. डोस मात्र मला विचारू नका, मी इंजिनिअर आहे.