गाडीतला फ्रिज गॅसवर चालवताना

जबलपूरच्या सराफ्यातून बोलतोय. खाली सोनारांची दुकानं आहेत, मध्येच स्कूटरचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. मागच्या वेळी गाडीत झोपायची सोय कशी करायची ते सांगितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती फ्रिजची. काहींना वाटलं, म्हाताऱ्याला गार बियर लागते. तसं नाही. आमच्या सौ. इन्सुलिनवर आहेत. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. कान्ह्याच्या बाहेर तीन दिवस मुक्काम करायचा, तर ही सोय आधी आणि वाघ नंतर.

गॅसवर फ्रिज म्हटलं की लोक हसतात. ज्योत पेटवून बर्फ कसा होईल? फौजेतल्या जुन्या मंडळींना मात्र याचं नवल नाही. दूरच्या ठाण्यांवर आणि आडगावच्या दवाखान्यांत लशींसाठी रॉकेलवर चालणारे फ्रिज असत. तत्त्व तेच. १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ते बसवलं, आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ते जगभर नेलं.

आत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. ज्योतीने अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वर जातो आणि मागच्या पात्यांमध्ये निवून द्रव होतो. मग तो हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो. तिथे त्याच्यावरचा स्वतःचा दाब एकदम कमी होतो, म्हणून तो झपाट्याने वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रिजच्या पेटीतून ओढून घेतो. शेवटी पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. सगळा कारभार गुरुत्वाकर्षणावर.

म्हणूनच गाडी सपाट उभी हवी. एका बाजूला तीन अंशांहून जास्त कलली की द्रव एका जागी साचतो, तापलेल्या नळीपर्यंत पोचत नाही आणि नळी कोरडी तापत राहते. गंज धरू नये म्हणून आत क्रोमेट घातलेलं असतं, त्याचे खडे होतात आणि वाट कायमची बुजते. चालत्या गाडीत हेलकाव्यांमुळे द्रव हलत राहतो, तेव्हा तितका धोका नाही. पण मुक्कामाला पोचलात की आधी फ्रिजच्या तळाशी पाणसळ ठेवा, चाकाखाली फळी सारा, आणि चहा नंतर.

आता हिशेब. शंभरेक लिटरचा असा फ्रिज दिवसाला साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम गॅस खातो. ५ किलोची लहान टाकी पंधरा दिवस सहज पुरते. हाच फ्रिज १२ व्होल्टवर चालवला तर दहा-बारा अँपिअर ओढतो. इंजिन चालू असेल तर ठीक, पण उभ्या गाडीत १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत अर्धी होते. म्हणून नियम सोपा ठेवा: घरी विजेवर रात्रभर गार करून घ्या, रस्त्यात १२ व्होल्ट, मुक्कामाला गॅस.

चालत्या गाडीत गॅस चालू ठेवावा का? परदेशात काही ठिकाणी अपघाताचा धक्का बसताच गॅस तोडणारे रेग्युलेटर बसवून लोक ठेवतात. माझं मत: ठेवू नका. भरलेला, बंद फ्रिज तीन-चार तास गारवा सहज धरतो. आणि पेट्रोल पंपावर शिरताना पेटती ज्योत गाडीत असणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. वळणाच्या आधीच टाकीची चावी बंद करायची, नुसतं फ्रिजचं बटण नव्हे.

आपल्याकडे शुद्ध प्रोपेन सहसा मिळत नाही. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही वाफ होतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच थबकतो. जबलपूर, पचमढीला काही अडचण नाही. लेहच्या थंडीत टाकी भरलेली असूनही ज्योत मरतुकडी होते. त्यात तिथली हवा इथल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने विरळ. घरगुती लाल टाकी गाडीत घालू नका, ते नियमात बसत नाही. बाजारभावाची ५ किलोची टाकी घ्या. गाडीत कायमचे बदल करायचे तर आधी आरटीओची मंजुरी.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि झोपायच्या जागेकडे एक फटही नको. जळालेला धूर बाहेरच गेला पाहिजे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर काजळी धरतेय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय असं समजा. त्या वायूला वास नसतो, म्हणून उशाशी त्याचा अलार्म लावा. ज्योत वाऱ्याने विझली तर गॅस आपोआप तोडणारा थर्मोकपल नसेल, तो फ्रिज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. बाहेर ३५ अंशांच्या वर गेलं की हा फ्रिज दमतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ला जातो, तेव्हा आत १२-१४ अंश दिसले तरी फ्रिज बिघडलेला नसतो. मागच्या जाळीवर सावली धरा, लहान पंखा लावा, दोन-तीन अंशांचा फरक पडतो. इन्सुलिनला तेवढ्याने भागत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला लहान फ्रिज नेतो. तो दिवसाला पन्नासेक अँपिअर-तास घेतो, छतावरच्या २०० वॉटच्या सोलर पॅनेलवर निभतं. गॅसवाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि कुपी आतल्या गार पात्यांना चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी वापरायचं नाही. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. सौ. याला परेड म्हणतात. म्हणू द्या.

एकाने विचारलंय, जुना फ्रिज घेताना काय बघू? मागे वाकून बघा. नळीवर पिवळी पूड दिसली किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर तो सौदा सोडा. आत दाबाखाली हायड्रोजन असतो, तिथे डाख देऊन भागत नाही. आमच्या खालच्या सोनाराकडूनसुद्धा नाही.