प्रौढ विद्यार्थी आणि परीक्षेची धास्ती



मी इंदूरला संध्याकाळच्या वर्गात प्रौढांना शिकवते. माझे विद्यार्थी दिवसभर दुकानांत, कारखान्यांत, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या परीक्षेला बसतात. आज मी त्यांच्या अभ्यासक्रमाविषयी नव्हे, तर धास्तीविषयी बोलणार आहे. विषय कठीण गेला म्हणून वर्ग सोडणाऱ्यांपेक्षा परीक्षा जवळ आली म्हणून वर्ग सोडणारे मी अधिक पाहिले आहेत.

पंधरा वर्षांच्या मुलाला नापास होण्याची भीती असते. चाळिशीतल्या बाईला हसे होण्याची. कुणाची मुलगी त्याच वर्षी दहावीला असते. कुणी सासरी न सांगताच अर्ज भरलेला असतो. शिवाय लहानपणी ऐकलेले ‘तुला डोकं नाही’ हे वाक्य प्रश्नपत्रिका हातात पडताच पुन्हा कानांत घुमू लागते.

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले: मनातली काळजी आणि शरीराची तगमग. घाम फुटणे, पोटात गोळा येणे हे दिसते. पण उत्तर बिघडवते ती मुख्यतः काळजी. गणित सोडवायला मनात जी जागा हवी, तीच ती अडवून बसते. म्हणून ‘घाबरू नका’ एवढे म्हणून भागत नाही. मी तीन गोष्टी करते.

पहिली, माहिती देणे. या परीक्षेत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. ‘आधी दोनच विषय द्या’ म्हटले की चेहरे सैल होतात.

दुसरी, सराव. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली दाखवले, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो लगेच चांगला आठवतो; पण आठवड्यानंतर पुढे असतात ते पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. म्हणून रोज शेवटची पाच मिनिटे पुस्तके बंद. आठवेल ते लिहायचे. गुण नाहीत, वही मी मागत नाही. ज्यांनी वीस वर्षांत वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेले नाही, त्यांचा हातही दुखतो. त्यामुळे वीस मिनिटांपासून सुरुवात करून आम्ही पूर्ण वेळेपर्यंत जातो. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर आसनक्रमांक लिहिण्याचाही सराव करतो.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेशी निगडित आहे. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर उतरवली, तर जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते, असे रामिरेझ आणि बायलॉक यांना २०११ च्या प्रयोगांत आढळले. सर्वांना हे सारखेच लागू पडेल असे नाही. पण करून पाहायला खर्च काहीच नाही. माझ्या वर्गाची परीक्षा हिंदीत असते, म्हणून सगळे हिंदीत लिहू लागले. निबंधासारखी दोन वाक्ये झाली आणि पेन थांबले. मी म्हटले, ‘घरी बोलता त्या मराठीत लिहा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.’ पाने भरली. एका ताईंनी लिहिले, ‘भावाची फी भरायची म्हणून माझं नाव शाळेतून काढलं. मी ढ नव्हते.’ त्यांनी ते आपणहून मला वाचून दाखवले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. शेवटचे वाक्य मी काही शिकवले नव्हते.

मराठी टिकवण्याच्या चर्चेत आपण ग्रंथ आणि संमेलनांविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या माणसांना भीती बोलून दाखवायलाही हीच भाषा लागते. ती शिक्षकाने वर्गात येऊ द्यावी.

आपली मर्यादाही ओळखावी. कुणाची झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, तर ते वर्गात सुटणारे नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे पाठवावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही द्यावा.

आपणा सर्वांना एकच विनंती. उद्याच्या तासाला शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटायला सांगा आणि गुण देऊ नका. एवढ्यापासून सुरुवात करता येते.