फावल्या वेळचे लोहार



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की आता संप, बोनस आणि महागाईभत्ता यांवाचून सुटका नाही, अशी श्रोत्यांची समजूत होते. ती समजूत आज आम्ही निम्मीच खरी करणार आहोत. आमचा विषय आहे लोहार. आणि तेही असे लोहार, की ज्यांचे पोट लोहारकीवर अवलंबून नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात अशी हजारो माणसे आहेत. कुणी दंतवैद्य आहे, कुणी शाळामास्तर, कुणी ट्रक चालवणारा, कुणी निवृत्त इंजिनियर. शनिवार उजाडला की ही माणसे परसातल्या छपरीत भट्टी पेटवतात, अंगाला चामड्याचा पट्टा बांधतात आणि ऐरणीवर घाव घालू लागतात. कुणी सक्ती केलेली नाही, रोजाची अपेक्षा नाही. निव्वळ हौस! ज्या कामातून सुटण्यासाठी आपल्याकडच्या लोहाराने पोराला शाळेत घातले, त्याच कामासाठी हे लोक पदरचे पैसे खर्चून धावत जातात. हे काय गौडबंगाल आहे, ते आज पाहू.

प्रथम हा धंदा तिकडे मेला कसा, ते सांगितले पाहिजे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत दोन लाखांहून अधिक लोहार होते. घोड्याचा नाल, गाडीच्या चाकाची धाव, नांगराचा फाळ, दाराची बिजागरी, सगळे त्यांच्या हातचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या देशात घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींच्या वर जनावरे होती. १९६० साली ती उरली सुमारे तीस लाख. मोटार आली, ट्रॅक्टर आला, आणि ऐरणीवर अर्धा तास लागणारा आकडा कारखान्यात क्षणात पडू लागला. लोहारांचा काही भाग मोटारदुरुस्तीकडे वळला, काही कारखान्यात शिरला, उरलेला म्हातारा होऊन संपला.

आमच्यासारख्याला या कथेतली एक गोष्ट विशेष चटका लावते. त्या देशात लोहारांची स्वतःची कामगार संघटना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती उभी राहिली. रेल्वेच्या कारखान्यांत तिचे सभासद होते. १९५० नंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ती बॉयलर बनवणाऱ्यांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. त्या संघटनेच्या लांबलचक नावात आजही ‘लोहार’ हा शब्द आहे. घर पडले, उंबरठा तेवढा राहिला, असा हा प्रकार.

आणि मग, लोहार संपला असे सर्वांनी धरून चालले असताना, उलटा वारा सुटला. अटलांटा शहरात अॅलेक्स बीलर नावाचा एक गृहस्थ होता. पेशाने तो लोहार नव्हता. त्याला या विद्येचे वेड लागले. हयात असलेल्या जुन्या लोहारांकडून त्याने ती उचलली आणि १९६९ साली लोहारकलेवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकत नाही, हे खरे. पण आपल्यासारखेच वेडे आणखी आहेत, हे पुस्तकामुळे वेड्यांना कळले. १९७३ साली जॉर्जिया राज्यातल्या लंपकिन या लहानशा गावी पंचवीस-तीस माणसे जमली आणि त्यांनी उत्तर अमेरिकेच्या कलावंत-लोहारांची संस्था स्थापन केली. पुढे तिच्याशी संलग्न अशी मंडळे राज्याराज्यांतून निघाली. १९७८ साली ब्रिटनमध्येही तशीच संस्था झाली.

या मंडळांच्या मेळाव्यात काय चालते? एक जाणता लोहार मध्यभागी भट्टीशी उभा राहतो, भोवती माणसांचे कडे. नवशिक्याला पहिला धडा बहुधा साध्या आकड्याचा. सळईचे टोक निमुळते करणे, वाकवणे, पीळ घालणे, एवढेच. पण त्या एवढ्यात सारी बाराखडी आली. लोखंडाचा रंग ओळखायला डोळा तयार करावा लागतो. काळपट लाल असताना घाव घातला तर हातालाच झिणझिण्या येतात. नारिंगी-पिवळे झाले की ते मेणासारखे वळते. पांढरे होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की समजावे, लोखंड जळू लागले, वेळ टळून गेली. मग सांधा जुळवणे. दोन तुकडे पिवळसर-पांढरे होईतो तापवायचे, वर टाकणखार भुरभुरायचा म्हणजे मळ वितळून बाहेर पडतो, आणि हलक्या पण झटपट घावांनी ते एकजीव करायचे. त्यानंतर पाणी देणे. पोलादी छिन्नी लाल करून विझवली की ती कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ती घासून पुन्हा हळूहळू ऊब द्यायची. तिच्या पाठीवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा असे रंग धावतात. हव्या त्या रंगावर ती पाण्यात बुडवली, की धार टिकते आणि तुटतही नाही.

ही पाणी देण्याची युक्ती म्हणजे लोहाराच्या घरचे गुप्त धन. आपल्याकडे ती बापाकडून मुलाकडे जाई. जातीच्या कुंपणाबाहेर सहसा जात नसे. इंग्लंडात जात नव्हती, पण १५६३ च्या कायद्याने सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून कुणाला कसब चालवता येत नसे. जुन्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची विद्या हीच त्याची तिजोरी. ती उघडली तर उद्या शेजारीच दुकान थाटील, ही भीती खरी होती. या हौशी मंडळींनी मात्र तिजोरीला कुलूपच ठेवले नाही. जो येईल त्याला दाखवायचे, जो विचारील त्याला सांगायचे, हा तिथला शिरस्ता. मेळाव्याला येताना माणसे घरातली एखादी सांडशी, एखादा जुना हातोडा, पोलादाचा तुकडा घेऊन येतात. त्या वस्तूंची सोडत निघते, चिठ्ठ्यांचे पैसे मंडळाच्या खर्चाला जातात. ज्याच्याजवळ ऐरण नाही तो रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठोकतो. मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा हे त्यांचे आवडते पोलाद. आणि गंमत अशी, की आपल्या आठवड्याच्या बाजारात रस्त्याकडेला बसलेला घिसाडी ज्या पाट्यातून विळा काढतो, तो हाच!

या विद्येचे दोन गुरू सांगण्यासारखे आहेत. पहिला फ्रान्सिस व्हिटेकर. जन्म १९०६, मृत्यू १९९९. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल येलिन या नामांकित लोहाराच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि पुढे कॅलिफोर्नियात कार्मेल गावी स्वतःची भट्टी घातली. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत तो मजुरांच्या बाजूचा माणूस होता. जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराची शेतमजुरांच्या संघटकांशी ओळख घडवणाऱ्यांत हा लोहार होता. त्या ओळखीतून आलेली संपाची कादंबरी १९३६ साली निघाली. म्हातारपणी कोलोरॅडोत बसून व्हिटेकरने नव्या पिढीला हातचे राखून न ठेवता शिकवले. दुसरा फिलिप सिमन्स, १९१२ ते २००९, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचा कृष्णवर्णीय लोहार. तेराव्या वर्षी तो पीटर सिमन्स याच्या हाताखाली लागला. आडनाव एक असले तरी नाते नव्हते. हा पीटर गुलामगिरीत जन्मलेला. घोडागाड्या गेल्या तेव्हा फिलिपने नाल सोडून फाटके, कठडे, जाळ्या घडवायला घेतल्या. चार्ल्सटनच्या गल्लोगल्ली आज त्याची शेकडो कामे उभी आहेत. १९८२ साली त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला. गुलामाच्या हातातली विद्या अशी शहराचे भूषण झाली.

आता आमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. हौस हौस म्हणतात, पण हौसेला लागते काय? भट्टी लागते, ऐरण लागते, हे झालेच. सर्वांत आधी लागतो रिकामा दिवस. जो माणूस आठवड्याचे सातही दिवस राबतो त्याला कसली आली हौस? तो रिकामा दिवस आभाळातून पडला नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी रॉबर्ट ओवेनच्या काळापासून चालत आली. तिच्यासाठी १८८६ च्या मे महिन्यात अमेरिकेतले लाखो कामगार रस्त्यावर आले, शिकागोत रक्त सांडले. तरी चाळीस तासांचा आठवडा तिथल्या कायद्याने दिला तो १९३८ च्या कायद्यान्वये, १९४० पासून. तो दंतवैद्य असो की ट्रकचालक, त्याच्या शनिवारच्या भट्टीत जो निखारा आहे, तो या चळवळीच्या आगटीतून आलेला आहे.

आपला रविवारही असाच मिळाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण तबला शिकतो, बागेत खपतो, सह्याद्रीचे गड चढतो, या व्याख्यानाला येतो. या प्रत्येक गोष्टीवर लोखंड्यांचे ऋण आहे.

इथे कुणी विचारील, की हा सुखवस्तूंचा खेळ नव्हे काय? एकजण ज्या कामाला खेळ म्हणतो, त्यातच दुसऱ्याचा घाम जातो. आक्षेप खोटा नाही. हौशी लोहार हवे तेव्हा हातोडा खाली ठेवतो. घिसाड्याला ती मुभा नाही. दुसराही एक आक्षेप धंदेवाले लोहार तिकडे घेतात, आणि तो आमच्या काळजाला भिडतो: हौशी माणूस आपला आकडा कोळशाच्या किमतीत विकून टाकतो आणि ज्याचे घर त्यावर चालते त्याचा भाव पाडतो. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर ही नकळत केलेली संपफोडी आहे. यावर उपाय सोपा आहे. हौशी माणसाने वस्तू भेट द्यावी, पण विकायची झाली तर धंदेवाल्याच्या भावाने विकावी.

परंतु या आक्षेपांपलीकडे एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्या सर्वांना आहे. दिवसभर यंत्रापुढे एकच बटण दाबणारा माणूस रविवारी तापलेल्या लोखंडाकडे का धावतो? कारण तिथे कामाचा आरंभही त्याचा असतो आणि शेवटही त्याचाच. आकडा वाकडा झाला तर तो त्याचा, सरळ झाला तरी त्याचा. हा आनंद फुकटच्या कामातच का मिळावा? पगाराच्या कामात त्याचा थोडाही अंश का नसावा? आमच्या संघटनांनी पगार मागितला, तास मागितले. कामातली ही अब्रू मागायची अजून बाकी आहे.

आता आपल्या दाराशी या. गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता. सुगीला त्याचे बलुते मिळे आणि वर्षभर त्याच्या भात्याचा सूर गावात असे. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी ‘साधी माणसं’ या चित्रपटात लोहार जोडप्याची कथा पडद्यावर आणली, तिने महाराष्ट्राला रडवले. डोळे पुसून झाले, पण लोहाराचे पुढे काय झाले, हे किती जणांनी विचारले? घिसाडी आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते, पोर भाता नाहीतर पंखा फिरवते. त्या घरी रविवार नाही. एखाद्या शनिवारी त्या पालापाशी उभे राहा आणि त्या बाईच्या घणाचा ताल पाहा. अमेरिकेतल्या मेळाव्यात हीच बाई मध्यभागी उभी असती, भोवती माणसे वही घेऊन बसली असती आणि तिला मानधन मिळाले असते. आपण विळ्याचे दहा रुपये कमी करा म्हणून तिच्याशी घासाघीस करतो.

आमचे मागणे थोडक्यात असे. शहरातल्या तांत्रिक शाळांनी आठवड्यातून एक दिवस भट्टी सर्वांना खुली करावी. जात, वय, स्त्री-पुरुष काही पाहू नये. तिथे शिकवायला पालातला माणूस बोलवावा आणि त्याला शिक्षकाचे वेतन द्यावे. आणि त्याच्या मुलाला लोहार होण्याची जितकी मोकळीक, तितकीच न होण्याचीही असावी. जन्माने गळ्यात पडलेला घण आणि आवडीने उचललेला घण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर तुटायचे तर एकाला सुट्टी मिळाली पाहिजे आणि दुसऱ्याने विद्येचा दाम मोजला पाहिजे.