आखाड्यातून योगाकडे : स्वामी कुवलयानंद
(व्याख्यानाचा सारांश)



अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजापुढे लाठी-कुस्तीची कथा कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचा मार्ग आखाड्यातूनच गेला. आणि त्या आखाड्यात प्रहाराइतकेच सांधण्याचेही शिक्षण होते.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, डभोई येथला. १९०३ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा विद्यार्थी १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली घडला. माणिकराव मल्लविद्येचे आणि शस्त्रविद्येचे आचार्य तर होतेच. शिवाय निखळलेला सांधा बसविणे, दुखावलेले अंग हाताने चोळून पूर्ववत करणे ही विद्याही त्यांना अवगत होती. तेरखेड्याच्या परिसरातील जुन्या पिढीला यात नवल वाटणार नाही. हात निखळला की तालमीतल्या वस्तादांकडे धाव घेणे ही खेडोपाडीची रीतच होती.

पुढे अमळनेर येथे अध्यापन करीत असताना, १९१९ साली, नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी त्यांना योगगुरू म्हणून लाभले. खरी कसोटी येथून सुरू झाली. गुरूंनी दिलेल्या क्रियांचा अनुभव येत होता. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे गुणे जाणून होते. गुरुवचनाला यंत्र लावायचे आणि यंत्राने ते खोटे ठरविले तर? श्रद्धावान शिष्याला हा प्रश्न लहान नव्हता. तरीही त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचे परीक्षण केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे प्रयोगांतून दिसून आले. पिचकारीवाचून बस्तीचे पाणी वर कसे चढते, त्याचा हा उलगडा होता. त्या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंचेच नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’.

१९२४ साली कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. आखाडा मात्र सुटला नव्हता. माणिकरावांनी रुजविलेल्या सामुदायिक कवायतीच्या पद्धतीला आसनांची जोड देऊन त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ सिद्ध केला. एकांतात गुरुमुखातून शिकावयाची विद्या अशा प्रकारे शाळेच्या पटांगणावर आली.

कायोत्सर्गात देह निश्चल ठेवून त्याचे ममत्व सोडण्याचा अभ्यास करणाऱ्या श्रोत्यांना त्यांचा आणखी एक निष्कर्ष विचार करण्याजोगा वाटेल. प्राणायामाने शरीरात प्राणवायू अधिक शोषला जातो, असे सर्वत्र सांगितले जाई. स्वामीजींच्या प्रयोगशाळेतील मोजमापांत हा समज टिकला नाही. योगाच्या प्रचारकाला ही गोष्ट झाकून ठेवणे सोयीचे होते. त्यांनी ती उघडपणे छापली आणि प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील संस्कारात आहे, असे प्रतिपादिले. स्वामीजी १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. आजही योगवर्गांतून प्राणायामाचा लाभ सांगताना पुष्कळ शिक्षक प्राणवायूचेच कारण पुढे करतात.