रेस खालीवर होते तेव्हा



बाळापूर तालुक्यात कमांडर, मेजर, एमएम ५४० या महिंद्राच्या जुन्या जीपा अजून कामाला राबतात. भर पावसात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यानं खताची पोती वावरात न्यायची असली, की मालकाला याच गाडीचा भरवसा वाटतो. गाडीचं कूळही जुनं. महिंद्राचं नाव विलीज जीपशी जोडलं गेलं ते १९४७ साली. पुढे प्यूजोच्या परवान्यावरचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०, आणि एकूण २११२ सीसी. आज या वयाच्या गाड्यांची एकच तक्रार घेऊन बसू.

पायडलवरचा पाय हलत नाही, तरी रेस आपोआप चढते, उतरते, पुन्हा चढते. मिस्त्री याला हंटिंग म्हणतात. गॅरेजला नेलं की पुष्कळदा निकाल ठरलेला असतो: "पंप गेला भाऊ, काढा लागते." डिझेलचा पंप निघतो, कॅलिब्रेशनला जातो आणि बिल हजारांच्या घरात पोहोचतं. गाडी परत येते ती कधी कधी तशीच झोके घेत. माझं म्हणणं असं, की पंपाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

का, ते सांगतो. डिझेल इंजिनाचा वेग डिझेल किती जातं यावर ठरतो, आणि ते मोजून सोडण्याचं काम पंपातला गव्हर्नर करतो. डिझेलमध्ये हवेचा बुडबुडा आला की तेवढ्यापुरतं डिझेल कमी पडतं, रेस उतरते. गव्हर्नर लगेच पुरवठा वाढवतो. तोवर बुडबुडा निघून गेलेला असतो, म्हणून रेस गरजेपेक्षा वर जाते. मग तो पुरवठा आवळतो. गव्हर्नर आपलं काम चोख करतो आहे, आणि दोषी तोच ठरतो!

पहिली तपासणी बिनपैशाची. बॉनेट उघडा आणि पंपाचा रेसचा दांडा हातानं एका जागी स्थिर धरा. झोके थांबले तर दोष डिझेलमध्ये नाही. केबल अडकते आहे किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग बसले आहेत. इंजिन हललं की केबल ओढली जाते.

झोके थांबले नाहीत तर टाकीकडे चला. गाडी सुरुवातीला नीट चालते, बरंच अंतर गेल्यावर पातूरच्या घाटात दम सोडते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा बरी होते? मग टाकीचं झाकण सैल करून पाहा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलं आहे. आपल्याकडे शेतात कॅनमध्ये डिझेल साठवतात, त्यात पाणी आणि गाळ येतोच. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड, ते खाली बसतं, डोळ्यांना दिसतं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची छोटी जाळीही काढून धुवा. ही जाळी बरेच जण विसरतात.

आता खरी चाचणी. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टाकीकडून येणाऱ्या पाइपात, फीड पंपाच्या आधी, तिचा तुकडा बसवा आणि गाडी सुरू करा. बुडबुडे धावताना दिसले तर मागं कुठंतरी हवा शिरते आहे. इथं लोक फसतात. ओढीच्या बाजूचा पाइप फाटला तरी गाडी चालू असताना बाहेर थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते. रबरी नळीच्या भेगा, सैल क्लिपा, पुन्हापुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, एवढ्याच जागा बघायच्या असतात.

शंका उरली तर स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच, हलणार नाही असा ठेवा. त्याची नळी थेट फीड पंपाला जोडा, हवा काढा आणि गाडी उभ्या-उभ्या चालवा. रेस ठरली तर मुख्य पंप निर्दोष. खोट बहुतेक टाकी आणि तिच्या पाइपांत. तरीही झोके असतील तर फीड पंप आणि फिल्टर बघा, आणि मग पंपवाल्याकडे जा. काही जुन्या पंपांचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो. त्याचा पडदा फाटला किंवा नळी सुटली तरी हेच लक्षण दिसतं. तोही पंपाचाच दोष, पण तेवढ्यासाठी अख्खा पंप उलगडायचं कारण नाही.

पेट्रोल जीपवाल्यांसाठी एवढंच: चोक किंचित ओढल्यावर झोके थांबले तर मिश्रणात हवा जास्त आहे. कार्बोरेटरखालचं गॅस्केट आधी पाहा.

हे सगळं करताना जवळ विडी नको, तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सांडू देऊ नका. चालू इंजिनात नोझलचा पाइप सुटला तर बोट पुढं करू नका. तो फवारा कातडीत शिरतो आणि मग थेट दवाखानाच गाठावा लागतो.

आणि गॅरेजवाला पंप काढायला निघाला, तर त्याला आधी कॅन लावून दाखवायला सांगा. तयार झाला नाही तर दुसरा मिस्त्री बघा.