कोंबडा कुणाचा?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिंसाचार, पोटगी, रेशन हे विषय सोडून ही आज कोंबड्यांवर काय बोलणार, असे काही जणींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. मी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांत काम करते. तिथे बहुतेक बायांच्या नावावर शेत नाही, घर नाही, बैलजोडी तर नाहीच. सांदवाडीतल्या आठ-दहा कोंबड्या तेवढ्या तिच्या म्हणवल्या जातात. मुलाची वही, मुलीची औषधाची बाटली, माहेरी जायचे एसटीचे भाडे, सगळे त्यातून निघते. आणि हे काही मागे पडत चाललेले काम नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, म्हणजे २०१२पेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. त्यांना दाणा टाकणारे हात कुणाचे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ऐकून माहीत असेल. मे २०१९मध्ये चंद्रपुरात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. मग ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यातून थोडी उष्णता बाहेर टाकते. धापा टाकताना तिच्या रक्तातला कर्बवायू कमी होतो, आणि कवचाला लागणारा चुना नीट तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची होतात. सासू म्हणते, सुनेने नीट दाणा घातला नाही. दोष उन्हाचा, बोलणी सुनेला!

आता कोंबड्याकडे येते. गावोगाव एक समजूत आहे की कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देत नाही. तसे नाही. कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडी देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. (या वाक्यावर आमच्या बैठकीत नेहमी हशा पिकतो. बाया लगेच आपापल्या घरचे दाखले देऊ लागतात.) ही गोष्ट समजली की उन्हाळ्याचा अर्धा प्रश्न सुटतो. फळलेल्या अंड्यात साधारण २०-२१ अंशांच्या वर गर्भ वाढू लागतो. एप्रिल-मेच्या घरात तो आपोआपच वाढायला लागतो, मग मरतो आणि अंडे नासते. बाजारात गिऱ्हाईक ते परत तोंडावर मारते. न फळलेले अंडे त्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

म्हणून आम्ही असे ठरवले. खुडूक कोंबडी माघाच्या सुमाराला अंड्यांवर बसवायची, म्हणजे २१ दिवसांनी निघालेली पिल्ले कडक ऊन लागायच्या आत पायावर उभी राहतात. त्यानंतर कोंबडा वेगळा. तो वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फळलेलीच येत राहतात, एवढे लक्षात ठेवायचे. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. एका खुराड्यात चार-चार कोंबडे असले की ते आपसांत भांडतात, दाणा फस्त करतात, आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे जाऊन कातडे उघडे पडते. तेवढ्याच पाठीवर मग ऊन. जादा कोंबडे होळीच्या आत विकलेले बरे.

विकायचे म्हटले की खरा प्रश्न समोर येतो. कोंबडी बाईची, अंडी बाईची, पण कोंबडा तुऱ्यात आला की घरातल्या पुरुषाचा होतो. पाहुणा आला, काप. आणि आमच्या भागात कोंबडबाजार भरतात. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, पैसे लावतात. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशी झुंज लावणे गुन्हा आहे, पोलिसांच्या धाडीही पडतात, तरी बाजार भरतातच. आमच्या गटातल्या एका ताईने वर्षभर जपलेले तीन कोंबडे एका हंगामात असे गेले. तिने विचारले तेव्हा नवऱ्याने सांगितले, "कोंबडा काय बाईमाणसाने ठेवायची वस्तू आहे?" अहो, आपल्या म्हणीतले कोंबडेसुद्धा म्हातारीचे आहे! तिने ते झाकले म्हणून तिला हसतात. तिला ते का झाकावे लागले असेल, हे कुणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचे १४ वे कलम बाईने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची तिला पूर्ण मालक मानते, आणि त्यात जंगम मालमत्ताही येते. आदिवासी बहिणींना हा कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. पण कलम घेऊन कोंबड्यासाठी कोर्टात कोण जाणार? गटाने दुसरा मार्ग काढला. जादा कोंबडे सगळ्यांनी एकाच दिवशी बाजारात न्यायचे, तेही दोघी-तिघींनी मिळून. पैसे गटाच्या वहीत, ज्या त्या बाईच्या नावावर. श्रावणात भाव पडतो, पोळ्याच्या करीला चढतो, तेव्हा पावसाळी कोंबडे तोवर धरून ठेवायचे. त्या ताईच्या घरी पहिल्या खेपेला भांडण झाले. चार जणी जाऊन ओसरीवर बसल्या. दुसऱ्या खेपेला भांडण झाले नाही. नवरा सुधारला असे मी म्हणणार नाही, तो अजून बाजाराला जातो, पण तिचा कोंबडा घेऊन जात नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. उन्हात एक पक्षी अर्धा लिटरपर्यंत पाणी पितो. दहा पक्ष्यांना पाच लिटर, आणि ते दुपारी बदलायचे, सावलीत, खापरात. हातपंप आटलेला असतो तेव्हा हे पाणी कुणाच्या डोक्यावरून येते? योजनांच्या पुस्तिकेत "भरपूर थंड पाणी द्यावे" एवढेच छापलेले असते. आम्ही घरात वाटणी मागितली: दाणा बाई टाकेल, सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर, कारण भर दुपारी खाल्लेला दाणा अंगात आणखी उष्णता करतो. पाणी मुलगे आणि पुरुष आणतील. काही घरांत झाले, बऱ्याच घरांत नाही. खुराड्यावरचा पत्रा काढून तणसाचे छप्पर घालायला मात्र पुरुष चटकन तयार झाले. ते काम दिसते ना!

राहिली मानमोडी. एकदा आली की अख्खे खुराडे रिकामे करते. उपाय लस हाच. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, आणि आठव्या आठवड्यानंतर टोचणीची लस. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचा डोस असतो, आणि ती कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एकट्या बाईला ती परवडत नाही. वीस घरे एका सकाळी, ऊन चढायच्या आत एकत्र आली तरच जमते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी कोंबड्या डालून ठेवाव्या लागतात, नाहीतर सकाळभर त्यांच्यामागे धावावे लागते.

थेंब कसा घालायचा ते आमच्या दोन कार्यकर्त्या आता दाखवतील. पिल्ले मागच्या पडवीत डालीखाली आहेत. लस बर्फात ठेवली आहे आणि बर्फ वितळतो आहे, तेव्हा चहा नंतर घेऊ.